पक्षी क्लबच्या रविवारच्या फेऱ्या: कामाच्या की नुसती गर्दी?

पहाटफेरी (नेरुळ)

परवा इथेच एकांडा शिलेदार यांनी लिहिलं की ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षी क्लबच्या फेऱ्या म्हणजे "रविवारची सहल, तीस माणसं, तीस मोबाइल आणि एकही पक्षी नाही". ज्याला खरंच पक्षी बघायचेत त्याने एकट्याने जावं, असाही सल्ला दिला. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढते.

एकट्याने जावं म्हणजे नक्की कुणी? सकाळी सहाला ठाणे खाडीकाठच्या तलावे पाणथळीच्या बंधाऱ्यावर एखाद्या बाईने दुर्बीण घेऊन एकटीने उभं राहून दाखवावं. पुढे खारफुटी, मागे निर्मनुष्य रस्ता. मी सुरुवातीला गेले होते. एक बाइकवाला थांबला, "मॅडम, काय शोधताय?" म्हणाला, मग पुढे जाऊन वळला आणि परत आला. मी शेकाट्या बघत होते, पण लक्ष सगळं त्या बाइकच्या आवाजाकडे. त्यानंतर कितीतरी महिने मी खाडीकडे फिरकले नाही. पुन्हा गेले ती क्लबबरोबर. माझ्यासारख्या कितीतरी जणींना खाडी दिसली ती या "सहलींमुळे".

दुसरं, शिकणं. साध्या दुर्बिणीतून रोहित पक्ष्यांचा थवा म्हणजे नुसते गुलाबी ठिपके. क्लबच्या स्कोपला, म्हणजे तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावला तेव्हा दिसलं, या दोन जाती आहेत: लहान रोहितची चोच इतकी गडद की काळीच वाटते, मोठ्या रोहितची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. स्कोपची किंमत बघा आणि सांगा, किती जणांना घरी घेणं परवडतं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट अडली, तळं आटत गेलं आणि २०२४ मध्ये तिथे रोहित मेले. ओरड कुणी केली? तिथे दर आठवड्याला जाणाऱ्यांनी, फोटो आणि तारखांसकट. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली, ती या ओरडीशिवाय मिळाली असती असं मला वाटत नाही. एकट्याने जाणारा माणूस तळं आटलेलं बघून हळहळतो आणि घरी जातो. त्याच्या मागे बोलणारं कुणी नसतं.

एकांडा शिलेदार (ठाणे)

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. सुरक्षिततेचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी दोन मैत्रिणी पुरतात. तीस माणसं लागत नाहीत.

मी येऊरच्या जंगलात नियमित जातो. गेल्या पावसाळ्यात एक ग्रुप आला होता. नवरंग पक्षी ओरडत होता, त्याची ती दोन सुरांची शीळ सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होती. कुणाचं समाधान झालं नाही. लीडरने स्पीकर काढला आणि तीच शीळ पुन्हा पुन्हा वाजवली. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो तो वीण करायला. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. घरट्याचं काम टाकून तो बिचारा उघड्यावर आला, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. जंगलात टाळ्या! मी बोललो तर "काका, मुलांना दिसायला नको का?" म्हणाले. नको. ऐकू आला तेवढा पुरे, हे मुलांना शिकवा.

आणि शिकण्याचं म्हणाल, तर मी तांबट पक्षी कुणी दाखवला म्हणून शिकलो नाही. पाटोणपाड्याकडे जाताना टुक् टुक् आवाज यायचा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मला वाटायचं दोन आहेत. एका उंबराखाली बसून राहिलो तेव्हा सापडला. एकच. चोच मिटलेली, गळा फुगतोय आणि डोकं इकडून तिकडे फिरतंय, म्हणून आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. ग्रुपमध्ये असतो तर कुणीतरी "तांबट, पुढे चला" म्हणालं असतं आणि मी पुढे गेलो असतो.

सहाशे एमएम (ऐरोली)

स्पीकर म्हटलं की सगळ्यांच्या नजरा कॅमेरेवाल्यांकडे वळतात, म्हणून आधीच सांगतो. मी फोटो काढतो, आवाज वाजवत नाही आणि घरट्याचं ठिकाण कुणाला सांगत नाही. वाजवणाऱ्याला क्लबनेच बाहेर काढावं. पण एकांडे काका, तुम्ही एकटे असताना कोण काय करतं हे बघायला तिथे कुणी नसतं. चार लोक असले की निदान टोकणारा तरी असतो. येऊरला तुम्ही टोकलंतच की.

एकांडा शिलेदार

टोकलं, आणि कुणी ऐकलं नाही. तेच तर सांगतोय.

पहाटफेरी

त्या लीडरची बाजू मी घेणार नाही. विणीच्या दिवसांत आवाज वाजवणं चूकच, कुणीही केलं तरी. पण एका लीडरवरून सगळ्या क्लबना झोडपायचं असेल, तर वाटेल तिथे घुसणाऱ्या एकट्या फोटोग्राफरांवरून मी तुम्हालाही झोडपू शकते.

आणि नोंदींचं काय? देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सचा २०२३ चा अहवाल पक्ष्यांच्या ९४२ जातींबद्दल बोलतो. ३०,००० हून जास्त हौशी लोकांनी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या ३ कोटी नोंदी त्याच्या मागे आहेत. यातल्या कितीतरी जणांना दिसलेल्या पक्ष्यांची पहिली यादी करायला कुठल्यातरी क्लबच्या फेरीतच कुणीतरी शिकवलं असणार. मला तरी तसंच शिकवलं.

एकांडा शिलेदार

नोंदींचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. लीडर एक यादी करतो आणि ती तीस जणांना शेअर होते. तीसही जणांच्या खात्यात बेचाळीस जाती जमा. त्यातल्या पंधरा जणांनी चिखल्या आणि तुतवार यांतला फरक बघितलेला नसतो, काही जण तर मागे गप्पा मारत असतात. मी माझ्या यादीत नऊ जाती लिहितो, पण त्या नऊ मी बघितलेल्या असतात.

वाशीकर आजोबा

तुमचं चालू दे, पण क्लबवाल्यांबद्दल मलाही सांगायचंय. वाशीला सागर विहारला मी नातीला घेऊन जातो. हिवाळ्यात कुरव पक्षी येतात, आम्ही त्यांना बेसनाच्या गाठ्या टाकतो. पोर खूश होते, पक्षी हवेतच गाठी झेलतात. एका रविवारी दुर्बीणवाल्यांचा घोळका आला आणि त्यातला एक मुलगा नातीसमोर मला म्हणाला, "काका, तुम्ही त्यांना मारताय." पोरगी रडायला लागली. माझं वय काय, त्याचं वय काय! मुक्या जिवाला खायला घालणं आता पाप झालं का? वर्षानुवर्षं घालतोय, एकही कुरव मेलेला पाहिला नाही.

सहाशे एमएम

आजोबा, मुलगा बोलला ती पद्धत चूक. मुद्दा बरोबर. बेसन, तेल, मीठ, सोडा हे त्यांचं खाणं नाही. ते मासे, किडे, चिखलातले जीव खातात.

वाशीकर आजोबा

आणि खाडीत मासे आहेत का? असते तर ते गाठ्यांवर का येतील? गच्चीवरच्या कबुतरांना दाणे घातले तरी हल्ली सोसायटीची नोटीस येते. माणसाने करायचं तरी काय? सगळी भूतदया गुंडाळून ठेवायची?

घोडबंदरची आई

कबुतरांचा विषय कृपा करून काढू नका. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, वरच्या मजल्यावरचे दाणे आणि विष्ठा आमच्या बाल्कनीत पडते. तुमची भूतदया आम्ही इनहेलरने फेडतो.

वाशीकर आजोबा

तुमच्या बाल्कनीत मी दाणे टाकलेत का? उगाच अंगावर येऊ नका.

घोडबंदरची आई

विषय तुम्ही काढलात, आजोबा. मी नाही.

पहाटफेरी

कबुतरं बाजूला ठेवू या, कुरवांचं सांगते. आजोबा, रागावू नका, पुढच्या खेपेला नातीबरोबर एक गोष्ट बघा. डिसेंबरात कुरवाचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका. फेब्रुवारीपासून त्याच्या डोक्यावर रंग चढू लागतो, काहींचं तपकिरी, काहींचं त्याहून गडद. मार्च-एप्रिलपर्यंत पूर्ण टोपडं. ही निघण्याची तयारी. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि त्याच्याही पलीकडे अंडी घालायला जातात. मेलेला कुरव तुम्हाला दिसला नाही, कारण तो इथे थांबतच नाही. एवढ्या प्रवासाआधी अंगात मासा हवा. तळलेल्या बेसनाने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

वाशीकर आजोबा

हे त्या मुलाने असं सांगितलं असतं तर मी पिशवी तिथेच बंद केली असती. डोक्याचा रंग बदलतो हे माहीत नव्हतं, मला वाटायचं दोन वेगळे पक्षी आहेत. ठीक आहे, गाठ्या बंद. पण त्या मुलाने पोरीला रडवलं ते बरोबर नव्हतं, हे क्लबवाल्यांनी कबूल करावं.

पहाटफेरी

नव्हतंच. आमच्या क्लबचा असो वा दुसऱ्या, लहान मुलीसमोर तिच्या आजोबांना असं बोलायचं नसतं.

खाडीपुत्र (करावे)

बराच वेळ वाचतोय. गाठ्यांच्या एका पिशवीवरून एवढं भांडण, आणि शहराचं सांडपाणी या खाडीत रोज येतं त्यावर कुणाचा शब्द नाही. आजोबांनी विचारलं, खाडीत मासे आहेत का. माझ्या वडिलांच्या वेळी होते. आता जाळ्यात माशांआधी प्लास्टिक येतं. रोहितला हे पाणी चालतं, सांडपाण्यावर वाढणारं शेवाळ त्याला खायला मिळतं. आम्हाला चालत नाही. २०१५ ला खाडीत रोहितचं अभयारण्य झालं, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव गेलं, पेपरात गुलाबी फोटो आले. त्या फोटोत कोळी-आगरी माणूस कुठे आहे?

तुमच्या क्लबच्या फेरीत आमच्या गावातलं माणूस मी कधी बघितलं नाही. तुम्ही गाड्या आमच्या वाटेवर लावता, वाळत घातलेली जाळी ओलांडून पुढे जाता आणि "इथे कुणाला पर्यावरणाची जाणीवच नाही" असं आपसात बोलता. आम्हाला ऐकू येतं.

एकांडा शिलेदार

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. घोळका गावातून जातो तेव्हा गावाला तो दिसतो, घोळक्याला गाव दिसत नाही.

खाडीपुत्र

तुम्हीही फार खूश होऊ नका, दादा. एकटे येणारेही आम्हाला विचारत नाहीत. गुपचूप येतात, गुपचूप जातात. निदान घोळक्यातली एखादी बाई पाणी तरी मागते आणि दोन शब्द बोलते.

आणि पक्षी बघायचेत ना, मग सगळे रविवारी सकाळी सहाला का येता? खाडीचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. ओहोटी असली की सगळे लांब चिखलात पांगलेले, तुमच्या स्कोपमधूनही ठिपकेच. भरतीने चिखल बुडाला की ते बसायला आत पाणथळीत, तळ्यावर येतात. तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आत खाडीत पोचायला थोडा उशीर धरा. अष्टमीला सकाळी सहाची भरती मिळते म्हणून खूश व्हाल, पण तेव्हा भांग असतो, पाणी जेमतेम चढतं, चिखल पुरता झाकतच नाही. उधाण अमावस्या-पौर्णिमेला, पण ते येतं दुपारी. एकादशी-द्वादशी गाठलीत तर पाणीही बरं आणि वेळही सकाळची. हे शाळेत न गेलेली माझी आजी सांगायची.

पहाटफेरी

आमचे लीडर भरतीचा तक्ता बघतात, पण फेरी शेवटी रविवारीच ठेवतात, कारण लोकांना सुट्टी तेव्हाच असते. भांग आणि उधाणाचा हा हिशोब आम्हाला कुणी असा सांगितला नव्हता. गाड्या आणि जाळ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मी स्वतः पाहिलंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या फेरीत तुम्ही बरोबर चला. पाहुणे म्हणून नाही, तुम्ही पुढे आणि आम्ही मागे. लीडरला जे मानधन देतो ते तुम्हालाही देऊ. पंधरा माणसांवर एक जास्त नको, स्पीकर बंद, हे मी क्लबमध्ये मांडते. नाही ऐकलं तर मी क्लब सोडून तुमच्याबरोबर येईन.

सहाशे एमएम

पंधरा झाले तर माझं नाव धरा. ट्रायपॉड आणणार नाही.

एकांडा शिलेदार

पंधरा हे माझ्या मते अजून बारा जास्त आहेत. पण खाडीपुत्र पुढे असतील तर येईन. एकदाच. आणि माझी यादी मी वेगळी करणार, शेअर केलेली घेणार नाही.

पहाटफेरी

करा की. आम्ही कुठे अडवलंय?

घोडबंदरची आई

लहान मुलं चालतील का? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, शांत राहतो.

खाडीपुत्र

चालतील. द्वादशीला लागून येणारा रविवार पंचांगात बघा आणि इथे टाका, मी वेळ सांगतो. गाड्या स्टेशनला ठेवा, रिक्षाने या. आणि जाळी ओलांडायची नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.