मदत हवी आहे: फाउंड्रींच्या वीजबचतीसाठी बेसलाइन (बचत ज्याच्याशी ताडायची तो आधीचा वापर) कशी धरावी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आम्ही काही लहान फाउंड्री (ओतकाम कारखाने) मिळून वीजबचतीचा कार्यक्रम आखतोय. सगळ्यांच्या इंडक्शन (विजेवर धातू वितळवणाऱ्या) भट्ट्या, एचटी (उच्चदाब) जोडणी. मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य देणाऱ्या केंद्राच्या पॅट योजनेत बसण्याइतकं मोठं कुणीच नाही, म्हणजे तिथलं आयतं लक्ष्यही नाही.

कॉम्प्रेसरचं काम मार्गी लागलंय. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवला; तरीही तो जितका वेळ लोडवर येतो (हवा दाबून भरतो) ती सगळी हवेची गळती. प्रेशरही ७ बारवरून ६ वर आणलं (बारमागे साधारण ६-७ टक्के वीज वाचते).

घोडं अडलंय भट्टीपाशी. एकाच भट्टीचा टनामागे आकडा कधी ५६०, कधी ६८० युनिट. सकाळची पहिली थंड हीट (भट्टीचं एक वितळण), गंजकं भंगार, उघडं झाकण, मोल्ड तयार नाहीत म्हणून होल्डवर (भट्टीतच गरम) ठेवलेला रस... कारणं माहीत आहेत, पण प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नाही. बिलाचा उपयोग नाही. २०२० पासून एचटी बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून, नुसत्या युनिटवर नाही), तेही अख्ख्या कारखान्याचं. भट्टीला वेगळा मीटर मोजक्यांकडेच आहे. बाकीचे बसवतील, पण नोंदी लिहायला जादा माणूस परवडणार नाही. नवी भट्टी घ्या हा सल्ला कृपया नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: नोंद दर हीटची ठेवायची की दिवसाची पुरते? होल्डिंगची मिनिटं कशी धरता? आणि किती महिन्यांची बेसलाइन घेतली, की नंतर कुणी ‘तेव्हा ऑर्डरीच कमी होत्या’ म्हणून भांडणार नाही?