मुलं मागे पडतात ती गरिबीमुळे का आजारपणामुळे?

फळा_खडू:
चौथीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, मागच्या बाकावर बसतो, हाक मारली तरी बघत नाही, श्रुतलेखनात अर्धे शब्द गाळतो. लक्ष नसतं म्हणून मी वर्षभर ओरडतेय त्याला. परवा शेजारी बसून वही तपासताना वास आला, बघते तर कानात कापसाचा बोळा, कान वाहतोय. आई म्हणाली लहानपणापासून असंच, सर्दी झाली की वाहतो. खूप वाईट वाटलं. आता कळून काही उपयोग आहे का?

नर्सताई:
उपयोग आहे, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, कानात पाणी-तेल काही जाऊ देऊ नका. गरिबी का आजारपण म्हणाल तर दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. एका खोलीत सात जणं, घरात धूर, सर्दी कोणाची ना कोणाची चालूच, ती कानात उतरते, पडद्यामागे पू साचून पडदा फुटतो. डॉक्टरकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते म्हणून आज-उद्या करत राहतात. आवाज येतो पण स, फ असले बारीक आवाज निसटतात, मग लिहिणार काय तो? पुढे शिक्षण सुटतं, मिळेल ते काम, आणि त्याची पोरंही तशाच खोलीत वाढतात.

स्पष्टबोल्या:
पण सरकारी उपचार फुकट असतात ना? आईबापांनी थोडं लक्ष द्यायला नको का?

जुना_वाचक:
फुकट उपचारांनी एवढं सगळं मिटत नाही हो. ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार सरकारी खर्चाने, तरी १९८० मध्ये डग्लस ब्लॅक यांच्या समितीच्या अहवालात दिसलं की मजुरांच्या आणि वरच्या वर्गाच्या मृत्युदरातली तफावत कायमच आहे. उलट जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या तान्ह्या-रांगत्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या, मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं ते आईला दाखवायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी असं काही दाखवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा साधारण २५ टक्के जास्त निघाली. नुसता पूरक आहार दिलेल्यांत असा फरक दिसला नाही. त्या आयांना लक्ष द्यायचं नव्हतं असं थोडंच आहे, कोणीतरी दारात जाऊन सोबत बसलं एवढंच.

फळा_खडू:
आज पहिल्या बाकावर आणलं त्याला, उजवा कान बरा आहे तो माझ्याकडे येईल असं बसवलं. डॉक्टरची वेळ संध्याकाळची घेतलीय, आईची मजुरी बुडू नये म्हणून. मीही जातेय सोबत.