कोल्ट १९११: मोठेपण .४५ गोळीचं की ब्राउनिंगच्या यंत्रणेचं?

खटका:
कोल्टचं १९११ पिस्तूल म्हटलं की सगळे .४५ (म्हणजे ०.४५ इंच जाडीच्या) गोळीचं कौतुक करतात आणि ते घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचं खरं काम बाजूलाच राहतं. .४५ आली कुठनं? फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे अमेरिकन सैन्याची .३८ रिव्हॉल्व्हर कमी पडली, मग १९०४ ला थॉमसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि सांगितलं .४५ पेक्षा लहान नकोच. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर ठरलेली गोष्ट पुढे वेदवाक्य झाली! यंत्रणा बघा ना, गोळी सुटल्यावर बॅरल (नळी) आणि स्लाइड (वरचा सरकता भाग) एकमेकांत अडकून थोडं मागं येतात, मग बॅरलची मागची बाजू खाली उतरते आणि स्लाइड मोकळी होते. आजची बहुतेक ९ एमएम पिस्तुलं याच तत्त्वावर चालतात.

घोडेस्वार:
अजिबात पटलं नाही. गोळी आधी ठरली, पिस्तूल तिच्यासाठी घडलं. ब्राउनिंगच्या १९०० च्या .३८ पिस्तुलात बॅरलला खाली उतरवणाऱ्या पुढे-मागे दोन लिंक (छोट्या जोडकड्या) होत्या, .४५ वर काम करता करता मागची एकच राहिली. आणि सैन्याची गोळी शरीरात शिरल्यावर फुलणारी नसते, त्यामुळे जाडी आणि वजन महत्त्वाचंच, .४५ साधारण १५ ग्रॅमची आणि ९ एमएम ८ च्या आसपास.

खटका:
मग ब्राउनिंग स्वतः बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीत ९ एमएम वर का काम करत होता? तो १९२६ ला लीजमध्ये वारला, एफएनच्याच सेव्ह या डिझायनरने काम पुरं केलं आणि १९३५ ला हाय पॉवर हे ९ एमएम पिस्तूल आलं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, १९११ मध्ये ७. तेच हाय पॉवर पुढे आपल्या इशापूरच्या फॅक्टरीत बनलं.

दारूगोळा:
तुम्ही दोघंही पुरवठा विसरताय. १९८५ ला अमेरिकेच्या सैन्याने १९११ च्या जागी ९ एमएम बेरेटा पिस्तूल घेतलं त्यात नाटोच्या सगळ्या देशांचं काडतूस एकच असावं हे मोठं कारण होतं.

घोडेस्वार:
बरोबर, म्हणजे .४५ कमी पडली म्हणून ती गेली नाही! २०१२ ला मरीन कोअरने .४५ मधलं कोल्ट परत विकत घेतलंच की.

खटका:
घेतलं, पण मोजक्या खास तुकड्यांसाठी, आणि त्यातली मरीन रेडर्स ही खास तुकडी थोड्याच वर्षांत ९ एमएम ग्लॉक पिस्तुलावर गेली. त्या ग्लॉकचं बॅरल पण मागनं खालीच उतरतं.