मदत हवी आहे : रोख भरण्याबद्दलचा संशय वर कधी कळवावा?

नमस्कार मंडळी. वाशीला एपीएमसीजवळच्या एका बँक शाखेत आहे. इथे रोकड म्हणजे रोजचीच गोष्ट. एप्रिल-मेमध्ये हापूसचा माल आला की काउंटरवर नोटांचे गठ्ठे येतातच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण एका फळव्यापाऱ्याच्या चालू खात्यात हंगाम संपल्यावरही भरणा कमी झालेला नाही. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या शाखांत येऊन भरून जातात आणि त्याच दिवशी पैसे आरटीजीएसने भलत्याच धंद्यातल्या खात्यांवर जातात. मला रकमेपेक्षा हे जास्त खटकतंय.

महिन्याभरात एकमेकांशी जोडलेले रोख व्यवहार मिळून १० लाखांवर गेले की सीटीआर (रोख व्यवहारांचा अहवाल) जातोच, तो सिस्टीम काढते. संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाला मात्र किमान रकमेची अट नाही, म्हणजे निर्णय माणसानेच घ्यायचा. एफआययूला (असे अहवाल तपासणारी केंद्र सरकारची यंत्रणा) अहवाल पाठवणारे आमचे प्रिन्सिपल ऑफिसर, पण त्यांच्यापर्यंत विषय शाखेतूनच जायला हवा ना! शाखेतले साहेब म्हणतात, "जुनं गिऱ्हाईक आहे, अजून एक महिना बघू."

अनुभवी लोकांनी सांगा: एवढ्यावर लेखी नोंद वर पाठवावी की थांबावं? आणि ग्राहकाकडे विक्रीच्या पावत्या मागायच्या असतील तर त्याला सुगावा न लागता कशा मागता? कारण अहवालाची कुणकुण त्याला लागू देणं कायद्यात बसत नाही. केवायसी अपडेटच्या निमित्ताने मागितल्या तर चालेल का?