शब्दचर्चा : मिल्टन ॲबसमधल्या ‘कॉब’ भिंतींना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातील मिल्टन ॲबस या गावाविषयीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘इस्टेट व्हिलेज’, ‘कॉब’, ‘थॅच’ आणि ‘लाइमवॉश’ यांना काय म्हणावे? ‘जॉर्जियन’ तसेच ठेवावे का?

उत्तर : ‘जॉर्जियन’ ठेवा, पण सोबत ‘पहिल्या ते चौथ्या जॉर्ज राजांच्या काळातील, १७१४–१८३०’ असे लिहा; नाहीतर वाचक जॉर्जिया देशात पोहोचेल. ‘इस्टेट व्हिलेज’साठी ‘इनामगाव’ नको. इनामदाराचा हक्क सहसा शेतसाऱ्यावर असे. इथे जमीन आणि घरे दोन्ही जमीनदाराची, राहणारे भाडेकरू. म्हणून तर जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, यांना हवेलीशेजारचे मिडलटन हे जुने बाजाराचे गाव पाडून १७८०च्या सुमारास लोकांना पलीकडच्या दरीत हलवता आले. ‘जमीनदाराने वसवलेले गाव’ लांब आहे, पण खरे आहे.

दुसरे उत्तर : ‘कॉब’ला ‘कच्च्या विटांची भिंत’ लिहू नका. यात वीटही नाही आणि फळ्यांचा साचाही नाही. चिकणमाती, गव्हाचे काड आणि पाणी (डॉर्सेटमध्ये बऱ्याचदा खडूचा चुराही) तुडवून एकजीव करतात, दाताळ्याने जोत्यावर रचतात आणि बाजू फावड्याने तासून सरळ करतात. एक थर साधारण ४५ ते ६० सें.मी. उंचीचा. तो वाळल्याशिवाय वरचा चढवला की खालचा फुगतो. आपल्याकडे अशा थराला ‘रद्दा’ म्हणतात, तेव्हा ‘रद्द्यांची मातीची भिंत’ चपखल बसेल. जाडी साधारण ६० सें.मी. धरा.

‘जोते’ हा शब्द मात्र गाळू नका. दगडी किंवा गारगोटीचे जोते नसेल तर ओल चढते. वरून सिमेंटचा गिलावा केला तर तडांतून शिरलेले पाणी आत कोंडते, तळची माती मऊ पडते आणि भिंत बसते. गिलावा चुन्याचाच हवा.

पुस्ती : ‘लाइमवॉश’ला ‘सफेदी’ म्हणाल तर इथे घोटाळा होईल. ही घरे आज पांढरी दिसतात, पूर्वी पिवळी होती. ‘चुन्याचा हात’ म्हणा, रंग कोणताही चालतो. ‘थॅच’ला ‘शाकारणी’. उतार साधारण ५० अंशांचा, पन्हळ नाही, त्यामुळे वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढतात. आढ्याची शाकारणी दहा-पंधरा वर्षांत नवी करावी लागते, बाकीचे छप्पर त्याहून बरेच टिकते.

प्रतिप्रश्न : आणि ‘कॉटेज’? ‘झोपडी’ की ‘रो हाऊस’?

उत्तर : दोन्ही नको. बहुतेक एकसारखी अशी ३६ घरे सुटी उभी आहेत, पुढे हिरवळ, मधल्या जागेत मुळात हॉर्स चेस्टनटची झाडे. प्रत्येक घर दोन कुटुंबांसाठी बांधलेले, म्हणून ‘जोडघर’. वाक्य असे करता येईल : ‘रद्द्यांच्या मातीच्या भिंती आणि शाकारलेली छपरे असलेली ३६ जोडघरे.’