डायव्हिंगमधली अव्वल खेळाडू पुढे संघटना चालवायला गेली, असं खरं उदाहरण आहे का?

तीन_मीटरचे_बाबा

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्याच्या जलतरण संघटनेची निवडणूक तोंडावर आलीय. कार्यकारिणीसाठी एका माजी पदकविजेत्या ताईंचं नाव पुढे आलं आहे. त्या स्प्रिंगबोर्डवरच्या, म्हणजे उसळत्या फळीवरून सूर मारणाऱ्या. माझी मुलगी तीन मीटरवर सराव करते, म्हणून पालक या नात्यानं मी बैठकीला होतो. तिथे दोघातिघा ज्येष्ठांनी सरळ सांगितलं, "खेळाडूनं खेळावं, फायली आम्ही बघतो." मला ते अजिबात पटलं नाही, पण उलट उत्तर द्यायला हाताशी काही नव्हतं. क्रिकेट-बॅडमिंटनची नावं सगळेच घेतात. डायव्हिंगमधलं कोणी आहे का, ज्यानं आधी बोर्ड गाजवला आणि मग संघटनेत राबून काम केलं? नुसतं हारतुऱ्यांचं पद नको.

जाता जाता अजून एक. मागच्या महिन्यात रिव्हर्स मारताना लेकीचा पाय बोर्डला घासला. जखम किरकोळ होती, पण तेव्हापासून ती त्या उडीचं नावच काढत नाही. कोणाला अनुभव असेल तर तेही सांगा.

सूरपंच_सोलापूर

तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकच नाव पुरेल: मिकी किंग. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या पॉन्टिअॅकची, जन्म १९४४. मी बरीच वर्षं डायव्हिंगला पंच म्हणून बसते आणि नवीन मुलींना मी सगळ्यात आधी हिचीच गोष्ट सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९६८, मेक्सिको ऑलिंपिक, तीन मीटर स्प्रिंगबोर्ड. दहापैकी आठ उड्या झाल्या होत्या आणि मिकी पहिल्या क्रमांकावर होती. नववी उडी रिव्हर्स, दीड कोलांटी, शरीर सरळ ठेवून. ज्यांनी ही उडी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रिव्हर्समध्ये खेळाडू पाण्याकडे तोंड करून धावतो, पुढे उडतो आणि कोलांटी मात्र मागे घेतो. म्हणजे डोकं बोर्डाच्याच दिशेनं फिरत येतं. भीतीनं लांब उडालं तर फिरायला जोर उरत नाही आणि आम्ही पंच गुण कापतो. जवळ राहिलं तर उडी देखणी होते, पण बोर्डाचं टोक हातभर अंतरावर असतं. मिकीचा डावा हात त्या टोकावर आदळला आणि कोपराखालचं हाड मोडलं.

दहावी उडी बाकी होती. ती तिनं मारली! तीन मीटरवरून येणारा खेळाडू ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगानं पाण्यात शिरतो, आणि पाणी फोडतात ते हातच. एका तळव्यानं दुसरा पकडायचा, कोपरं ताठ, दंड कानाला चिकटलेले. मोडलेल्या हातानं हे करणं म्हणजे काय, ते ज्याच्या मनगटाला साधी लचक भरलीय त्याला विचारा. ती चौथ्या क्रमांकावर घसरली, पदक गेलं.

चार वर्षांनी म्युनिकला ती परत आली. वय २८, त्या काळातल्या डायव्हरसाठी बरंच. शेवटच्या उडीला तिनं तीच उडी ठेवली होती, हात मोडला होता तीच. ४५०.०३ गुण, सुवर्णपदक. स्वीडनची उलरिका क्नापे दुसरी आली.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते तुमच्या बैठकीसाठी खरी गोष्ट इथून सुरू होते. म्युनिकला सुवर्ण जिंकलं तेव्हा मिकी अमेरिकेच्या हवाई दलात कॅप्टन होती. १९६६ पासून गणवेशात होती, म्हणजे हुकूम, अहवाल, जबाबदारी हे सगळं ती सरावाच्या बरोबरीनं करतच होती. १९७३ मध्ये तिला कोलोरॅडोतल्या हवाई दल अकादमीत डायव्हिंगची प्रशिक्षक नेमलं. तिथे मुलींना प्रवेश मिळाला १९७६ साली. म्हणजे सुरुवातीला तिच्या हाताखाली सगळे मुलगेच. त्यातला एक कॅडेट १९७४ मध्ये विद्यापीठ पातळीवरचा राष्ट्रीय विजेता झाला. पुरुष खेळाडूला असं विजेतेपद मिळवून देणारी ती पहिली महिला प्रशिक्षक. त्याच सुमाराला टेनिसपटू बिली जीन किंगनं उभ्या केलेल्या विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशनच्या संस्थापकांतही ती होती.

पुढे १९९० ते ९४ अमेरिकेच्या डायव्हिंग संघटनेची अध्यक्ष. १९९२ मध्ये हवाई दलातून कर्नल म्हणून निवृत्त झाली आणि केंटकी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात प्रशासनाच्या कामाला लागली, तेही २००६ पर्यंत. तुमच्या ज्येष्ठांना एवढंच विचारा: यातली कुठली फाइल तिला जमली नाही?

लाटांवरून

ताई, सुंदर लिहिलंत. चीनची झोउ जिहोंगही आठवली. वुहानची, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटर प्लॅटफॉर्मचं, म्हणजे न उसळणाऱ्या उंच कट्ट्यावरचं सुवर्ण. चीनचं डायव्हिंगमधलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. नंतर चीनच्या डायव्हिंग संघाची सूत्रं तिच्याच हाती होती आणि जागतिक जलतरण महासंघाची ती उपाध्यक्षही झाली. तिच्या काळात चीननं या खेळात बाकीच्यांना जवळपास उभं राहू दिलेलं नाही. मग मिकीचंच उदाहरण का? निकाल बघायचे तर झोउचं पारडं जड आहे.

सूरपंच_सोलापूर

निकालांबद्दल वादच नाही, झोउचं काम अफाट आहे. पण तिच्या पाठीशी सरकारी क्रीडा यंत्रणा होती, लहानपणीच निवडलेली मुलं होती. आपल्या जिल्हा संघटनेची गत तशी नाही. आपल्याकडे डायव्हिंग भारतीय जलतरण महासंघाखाली येतं, पोहणं आणि वॉटर पोलो यांच्याबरोबरच. पैसा आणि वेळ आधी पोहण्याला, हे तुम्हालाही माहीत आहे. शर्यतीचा दिवस लांबला की आमची स्पर्धा उन्हं कलल्यावर उरकायची, डोळ्यांवर सूर्य घेऊन. उडीत पाणी कुठे आहे ते दिसलं पाहिजे, म्हणून पृष्ठभागावर फवारा सोडतात. हा फवारा बंद असताना स्पर्धा घ्या म्हणणारे पदाधिकारी मी पाहिलेत. त्यांना वाटतं, पाणी तर समोरच आहे! बोर्डवर उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मिकी अशाच जागेवरून आली. ती मिशिगन विद्यापीठात शिकत होती तेव्हा तिथे मुलींचा अधिकृत डायव्हिंग संघच नव्हता. पुरुषांचे प्रशिक्षक डिक किंबॉल यांच्याकडे ती शिकली. वॉटर पोलोत गोलकीपर म्हणूनही नाव कमावलं. जे नव्हतं ते काय नव्हतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. मुलामुलींना शिक्षणसंस्थांत समान वागणूक देणारा अमेरिकेचा टायटल नाइन कायदा तिच्या सुवर्णपदकाच्या दोनच महिने आधी मंजूर झाला, आणि त्याच्या बाजूनं ती पुढे कायम उभी राहिली.

तीन_मीटरचे_बाबा

ताई, मनापासून आभार. हे सगळं छापून बैठकीत वाटतो. लेकीला मेक्सिकोची गोष्ट वाचून दाखवली. तिनं दोनच प्रश्न विचारले: "हात दुखत असताना दहावी उडी कुठली मारली?" आणि "मला पण लगेच मारावी लागेल का?"

सूरपंच_सोलापूर

तिला सांगा, लगेच अजिबात नाही.

आणि आता सोल ऑलिंपिकचं सांगते, १९८८. पुरुषांचं स्प्रिंगबोर्ड, प्राथमिक फेरी. ग्रेग लुगॅनिसची नववी उडी, पुन्हा रिव्हर्स, अडीच कोलांट्या. डोक्याचा मागचा भाग बोर्डवर आपटला. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. टाके घालून तो अर्ध्यापाऊण तासात परत आला, पुढची उडी त्या फेरीतली सगळ्यात जास्त गुणांची झाली आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण. त्या वेळी अमेरिकेच्या डायव्हिंग संघाची व्यवस्थापक कोण होती? मिकी किंग. बरोबर वीस वर्षांपूर्वी नवव्याच उडीला, त्याच प्रकारात बोर्डवर आपटलेली बाई. त्या क्षणी तिथे काय बोलणं झालं त्यावर मी काही रचणार नाही. पण संघाबरोबर कोणाला पाठवायचं हे ठरवताना संघटनेनं असा माणूस निवडला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या ताईंसाठी बैठकीत बोलाल तेव्हा मिकीच्या सुवर्णाआधी हे सांगा.

लेकीसाठी: तीन मीटर काही दिवस विसरा. आधी एक मीटरवर, पाय खाली ठेवून साधी रिव्हर्स उडी, म्हणजे फक्त वर जायचं, कोलांटी नाही. सोय असेल तर जमिनीवरच्या कोरड्या बोर्डवर कमरेला पट्टा बांधून सराव. प्रशिक्षकांना एकच गोष्ट बघायला सांगा: ती बोर्ड सोडायच्या आधीच डोकं मागे टाकतेय का. पाय घासण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. शरीर वर जायच्या आतच फिरायला लागतं आणि पाय बोर्डापाशी राहतात. बोर्डखालचं चाकही तपासा. मोठ्या मुलांनी पायानं मागे सरकवलेलं असेल तर बोर्ड तिच्या वजनाला फार सैल होतो आणि उसळीची वेळ चुकते. जिल्हा स्पर्धेला ती उडी यादीत नको. दुसऱ्या प्रकारांतल्या उड्या पुरतात का, ते मी नियम बघून सांगते. तिचं वय आणि वयोगट कळवा.