डॉक्टर हू आता काही वर्षं बंद ठेवावी का?

निळी_पेटी:
२०२५ चा शेवट बघितला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे स्पॉइलर आहेत. शिव्या पडणार माहितीय तरी बोलतो. डॉक्टर हू, म्हणजे बीबीसीची ती काळात फिरणाऱ्या परग्रहावरच्या डॉक्टरची मालिका, निदान पाच-सात वर्षं बंद ठेवावी. शूटी गाटवा डॉक्टर म्हणून आला, आठ-आठ भागांचे दोन सीझन आणि थोडे स्पेशल केले आणि ३१ मे २०२५ ला गेला पण. रीजनरेशनच्या, म्हणजे डॉक्टर मरताना चेहरा बदलून नवा नट येतो त्या, उजेडातून बाहेर कोण आलं तर बिली पायपर, म्हणजे २००५ ची डॉक्टरची सोबतीण रोज! पुढे काय ते लिहिणाऱ्याला तरी माहीत होतं का देव जाणे. मग ऑक्टोबरात पैसा घालणारी भागीदार डिस्नी बाहेर पडली, बीबीसी म्हणाली आम्ही आहोत ना, २०२६ च्या ख्रिसमसला एक स्पेशल देतो. वर्षातून एकदा म्हणजे दिवाळी अंकच झाला की हा.

२००५ ला ती मालिका परत आली आणि पहिलाच भाग तिकडे १ कोटीच्या वर लोकांनी बघितला, तो का? कारण १९८९ ते २००५ जमीन पडीक होती. मधला १९९६ चा पॉल मॅकगॅनचा टीव्ही सिनेमा सोडा. सोळा वर्षांची भूक होती लोकांना. आता भूकच नाहीये, ताट मात्र समोर येतंच आहे.

खडूस_काका:
अहो पेटीवाले, पडीक ठेवलं की पीक येतं हे कुठल्या शेतकऱ्याने सांगितलं तुम्हाला? हा प्रयोग आधी झालाय. १९८५ ला बीबीसी वनचा प्रमुख मायकेल ग्रेडने मालिका दीड वर्ष थांबवली. १९८६ च्या सप्टेंबरात परत आली ती पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या १४ भागांचं एकच लांबलचक कोर्टाचं प्रकरण घेऊन. लोक काही उपाशी बसून वाट बघत नव्हते, दुसरं बघायला लागले होते. पुढच्या वर्षी तिला कॉरोनेशन स्ट्रीट या दुसऱ्या चॅनलवरच्या तुफान चालणाऱ्या मालिकेच्या समोर नेऊन बसवली, म्हणजे मारायचीच होती, फक्त रक्त आपल्या हाताला लागायला नको. १९८९ ला संपली. विश्रांती वगैरे गोड शब्द वापरू नका, टीव्हीवाले विश्रांती म्हणतात तेव्हा त्यांना तेरावं म्हणायचं असतं.

निळी_पेटी:
काका दीड वर्ष म्हणजे डुलकी झाली. मी सोळा वर्षांबद्दल बोलतोय.

खडूस_काका:
आणि ती सोळा वर्षं रिकामी होती असं कोण म्हणतं? कादंबऱ्या निघत होत्या, त्यातली एक १९९६ ला खुद्द रसेल डेव्हिसने लिहिलीय. १९९९ पासून बिग फिनिश कंपनीची ऑडिओ नाटकं सुरू झाली, जुनेच नट आवाज द्यायला. त्याच वर्षी कॉमिक रिलीफ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी स्टीव्हन मोफॅटने विडंबन लिहिलं, त्यात आपला मिस्टर बीनवाला रोवन अ‍ॅटकिन्सन डॉक्टर होता आणि शेवटी रीजनरेट होऊन चक्क बाई होतो, जोआना लमली. म्हणजे २००५ नंतर ज्या दोघांनी बारा वर्षं गाडी चालवली ते दोघं त्या काळात झोपले नव्हते. गॅपने मालिका वाचवली नाही, गॅपमध्ये राबणाऱ्या वेड्यांनी वाचवली. उद्या बंद केलीत तर तसे वेडे आहेत का शिल्लक? इथे तर सगळे नुसते रेटिंगचे आकडे चिकटवतात.

ब्रिस्टलची_सूनबाई:
मी इथे राहते म्हणून थोडं वेगळं सांगते. काका आणि पेटीदादा तुम्ही दोघंही बंद की चालू यावरच अडलाय. २००५ ला जे झालं ते शनिवार संध्याकाळचं होतं. नवरा सांगतो की त्याच्या घरी आजीसकट सगळे सातच्या सुमाराला टीव्हीसमोर, डॅलेक, म्हणजे डॉक्टरचा तो यंत्रातला शत्रू, आला की धाकटा भाऊ सोफ्यामागे. आणि २०२४ ला काय केलं? अमेरिकेत त्याच वेळी दिसावं म्हणून नवा भाग इथे शुक्रवारची मध्यरात्र उलटली की आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर, टीव्हीवर मग शनिवारी संध्याकाळी. आठ वर्षांची माझी मुलगी रात्री बाराला जागी राहणार आहे का? सकाळी उठेपर्यंत तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी दादाने शेवट सांगून टाकलेला असतो. २०२५ ला सकाळी आठ केलं पण मोडलेली सवय परत लागत नाही हो. पाच वर्षं बंद ठेवून ती संध्याकाळ परत येणार असेल तर ठेवा, पण ती नाही येणार.

निळी_पेटी:
ताई हा मुद्दा पटला, पण मग डिस्नीचा पैसा नको होता असंच ना?

ब्रिस्टलची_सूनबाई:
पैसा हवा होता, वेळापत्रक नको होतं.

पुतळा_बघू_नका:
पैशाचं निघालंच आहे तर बोलतो, डिस्नीबरोबर २६ भागांचा करार होता, स्पेशल आणि ती पाण्यातल्या लोकांची पाच भागांची वेगळी मालिका धरून, आणि त्यातलं किती आठवतं प्रामाणिकपणे सांगा बरं, मला २०२४ चा खलनायक सुतेख आठवतो, १९७५ ला जो नुसता बसून हळू आवाजात बोलून घाबरवायचा त्याचा इमारतीएवढा कुत्रा केला आणि शेवटी डॉक्टरने त्याला दोर बांधून फरफटत नेला, म्हणजे सकाळी सोसायटीत कुत्रा फिरवतात तसं. आणि २००७ चा ब्लिंक हा भाग? दगडाचे पुतळे, कॅरी मलिगन आणि एक पडका वाडा. डॉक्टर स्वतः त्यात जेमतेम आहे. २००८ चा मिडनाइट, एक बंद गाडी आणि बाई बोललेलं परत बोलते एवढंच. २०१५ ला तेव्हाचा डॉक्टर कपाल्डी जवळजवळ एकटा पंचावन्न मिनिटं भिंतीवर बुक्के मारतो. बंद करू नका, बजेट अर्धं करा.

नव्या_संचात:
+१ पुतळेदादा.
अवांतर: आपल्याकडे नाटकात नट आजारी पडला की रिप्लेसमेंट होते, जाहिरातीत "नव्या संचात" छापतात आणि प्रयोग चालू राहतो. यांनी १९६६ ला तेच केलं, पहिला डॉक्टर हार्टनेलची तब्येत साथ देईना म्हणून त्याच्या जागी ट्राउटन आणला, फक्त आपण नाट्यगृहाबाहेर पाटी लावतो, यांनी ती पाटीच गोष्टीत घातली. आणि ज्या भागात हे पहिल्यांदा घडलं त्याची टेप बीबीसीने पुसून टाकली! चेहरा बदलतो तेवढा तुकडा वाचलाय. एवढी हेळसांड सोसून जे टिकलं त्याला तुम्ही काय विश्रांती देणार.

कॅनन_रक्षक:
सगळे मूळ रोगाला बगल देताय. मालिका २०२० ला मेली, तेव्हाचा कारभारी चिबनॉलने टाइमलेस चाइल्डची गोष्ट आणली तेव्हा. हार्टनेल पहिला नाहीच, आधी अगणित होते म्हणे. साठ वर्षांचा पाया उकरला.

खडूस_काका:
आला का हा. अरे रक्षका, चिबनॉल कोण होता माहितीय? १९८६ ला, तेच कोर्टाचं प्रकरण संपल्यावर, हा लिव्हरपूलच्या फॅनमंडळातला पोरगा बीबीसीवरच्या एका कार्यक्रमात लेखकांच्या तोंडावर म्हणाला होता की गोष्ट घिसीपिटी होती. तुझाच भाऊबंद. पुढे त्याच्या हातात किल्ल्या आल्या आणि आता तू त्याला तेच ऐकवतोयस. मलाही टाइमलेस चाइल्ड आवडलं नाही, पण त्याच्याच काळात २०१८ ला विनय पटेलने फाळणीवरचा डेमन्स ऑफ द पंजाब लिहिला. परग्रहावरचे राक्षस वाटतात ते खरं तर एकट्याने मरणाऱ्यांपाशी उभे राहायला आलेले, आणि मारणारा निघतो घरातलाच भाऊ. तो बघून मग मला पाया उकरल्याचं सांग.

कॅनन_रक्षक:
एक चांगला भाग म्हणजे कारभार चांगला होत नाही काका. आणि त्यात डॉक्टर काहीच करत नाही, नुसती बघत उभी राहते.

खडूस_काका:
तेच तर.

ब्रिस्टलची_सूनबाई:
बघत उभं राहण्यावरून आठवलं. २०२५ ची डॉक्टरची सोबतीण बेलिंडा, नर्स, पहिल्या भागापासून एकच धोशा, मला घरी सोड, ड्युटी आहे. डॉक्टरला तोंडावर तू धोकादायक आहेस म्हणणारी. वरदा सेतूने काय मस्त केलंय. आणि शेवटच्या भागात ऐन लढाईच्या वेळी तिला बाळासकट एका पेटीत बसवून ठेवली, मग जग बदललं आणि ती पहिल्यापासून त्या बाळाची आईच होती असं ठरलं. लेकीने विचारलं मम्मा ती आधी चिडायची ते खोटं होतं का. मी काय सांगू?

पुतळा_बघू_नका:
सांगा की रीशूट झालं.

निळी_पेटी:
ओके, मी पाच-सातवरून तीनवर येतो. तीन वर्षं, अर्धं बजेट, शनिवारी संध्याकाळी सात, आणि लिहायला कोणीतरी पस्तिशीच्या आतलं. चालेल?

खडूस_काका:
आणि आजच्या दहा वर्षांच्या पोरांचं काय? तीन वर्षांनी ती तेरा. सोफ्यामागे लपायचं वय गेलं की मग.

नव्या_संचात:
काका तुम्ही अजून लपता असं काकू म्हणाल्या होत्या मागच्या धाग्यावर.

खडूस_काका:
सायबरमॅनला. डॅलेकला नाही.